गादीखालची सुरी

आमच्या घरात भूत नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव्हारा, नवस, अंगारे, उतारे सगळं घराबाहेर गेलं, त्याच्याबरोबर भूतही गेलं. माझे वडील, अण्णा, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. आता रिटायर झालेत. रविवारी विहारात पोरं जमतात तेव्हा अण्णा त्यांना अंधश्रद्धेवर बोलतात. जे खोलून बघता येत नाही ते मानायचं नाही, हा त्यांचा हिशोब, आणि तो मी लहानपणापासून ऐकत आलोय. अशा घरात, शहराला लागून असलेल्या हर्सूलसारख्या ठिकाणी, भर दुपारी, एका लेकीच्या बापाला, चांगल्या शहाण्या माणसाला भूत दिसायला लागलं तर त्यानं ते कुणाला सांगावं?

मी बरेच दिवस कुणालाच सांगितलं नाही. म्हणून हे आता लिहितोय. झोपेतून जाग येते, डोळे उघडतात, पण अंग हलत नाही आणि खोलीत कुणीतरी असतं, असं ज्यांना होतं त्यांच्यासाठी. औषधपाण्याचं डॉक्टरांना विचारा. मी फक्त माझ्या खोलीत काय झालं ते सांगतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी लेक अख्खा उन्हाळा माझ्यापासून लांब राहिली नसती.

पहिली दुपार

वाळूजला गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या कारखान्यात मी माल तपासतो. माझं कामच खोट काढण्याचं. घरीही मी तेच करतो असं माझी बायको वैशाली म्हणते, आणि ते खोटं नाही. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट, सेकंड आणि थर्ड, म्हणजे रात्रपाळी. थर्डच्या आठवड्यात सकाळी कंपनीची बस सोडते, घरी येऊन चहा घ्यायचा, खिडकीच्या काचांना लावलेले वर्तमानपत्राचे कागद नीट आहेत का बघायचे, कूलर सुरू करायचा आणि आडवं व्हायचं. वर पत्रा, खाली मी. झोप म्हणावी तर झोप, नाहीतर नुसतं भाजून निघणं.

त्यातही नळाला पाणी यायचा दिवस असला की संपलं. आमच्याकडे पाणी कधी येईल ते नगरसेवकालाही सांगता येत नाही. आलं की सगळी गल्ली धावते. पाइप ओढा, मोटार लावा, टाक्या भरा. मीही उठायचो, भरायचो, आणि पुन्हा येऊन गादीवर पाठ टेकायचो.

मार्च संपत आला होता. अशाच एका पाण्याच्या दिवशी मी दुसऱ्यांदा झोपलो आणि डोळे उघडले. पंखा दिसत होता, कॅलेंडर दिसत होतं. स्वयंपाकघरात माझी आई, तिला आम्ही माय म्हणतो, भाकरी थापत होती. थप थप आवाज स्पष्ट येत होता. मला कूलर बारीक करायला सांगायचं होतं. जीभ हलली नाही. हात उचलायला गेलो, हात उचलला नाही. लकवा मारला, असं पहिल्यांदा मनात आलं.

मग दारात कुणीतरी उभं होतं. बुटकं, रुंद, ओल्या गोणपाटासारखं. तोंड नव्हतं, किंवा होतं पण ते मला दिसू देत नव्हतं. ते दारातून खाटेपर्यंत चालत आलं नाही, एकदम छातीवरच आलं. सिमेंटची गोणी ठेवावी तसा भार. श्वास अर्धाच जात होता. कानाशी कुणाचा तरी दुसरा श्वास ऐकू येत होता. मी सगळा जीव एकवटून माय म्हणून ओरडलो. आवाज फुटला नाही. तिकडं भाकरी चालूच. थप थप.

अचानक मनगट झटकलं गेलं आणि सगळं एकदम नाहीसं झालं. मी घामानं निथळत होतो. उठून स्वयंपाकघरात गेलो, तांब्याभर पाणी प्यालो. मायनं तव्यावरून नजर काढून माझ्याकडं बघितलं. लवकर उठलास, एवढंच म्हणाली. पण तिनं जरा जास्तच वेळ बघितलं होतं.

डोकं फिरलं

ते पुन्हा आलं. मग पुन्हा. थर्डच्या आठवड्यात जवळजवळ रोज, बाकीच्या आठवड्यांत कधीतरी. ते दरवेळी सारखंच दिसायचं असं नाही. कधी नुसती पावलं वाजायची. कधी खाटेच्या पायथ्याशी कुणी बसल्यावर गादी दबते तशी गादी दबायची. कधी माझ्याच नावानं हाक, मायच्या आवाजात, आणि माय तर अंगणात धुणं वाळत घालत असायची.

मी झोप टाळायला लागलो. दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसायचो, चहावर चहा, तंबाखू. डोळे मिटले की दचकून उठायचो. त्यामुळं पुढच्या वेळी ते आणखी जोरात यायचं, हे मला फार उशिरा कळलं. कामावर माझ्या हातून खोट असलेले गिअर पुढं जायला लागले. सुपरवायझर म्हणाला, तुझे डोळे कुठं असतात. घरी कूलरच्या पाण्यावरून, चपलेच्या जागेवरून, कशावरूनही मी भडकायचो. माझी पाच वर्षांची अनू मला बघून खेळणं उचलायची आणि दुसऱ्या खोलीत जायची.

भूत नसतं हे मला पक्कं माहीत होतं, आणि तीच माझी अडचण होती. दुसऱ्या कुठल्या घरात मला एखाद्या बाबाकडं नेलं असतं, दंडाला काळा दोरा बांधला असता, निदान घरातली चार माणसं माझ्यासाठी धावली असती. मला खरं सांगायचं तर त्या लोकांचा हेवा वाटायला लागला. आमच्याकडं भूत नाही म्हटल्यावर जे दिसतं त्याचं एकच कारण उरत होतं. डोकं फिरलं. आणि डोकं फिरलेला माणूस पुढं काय करील याचा नेम नसतो.

सुरी

त्याच दिवसांत आमची सुरी हरवली. लाकडी मुठीची, चांगल्या पात्याची, वैशालीनं बिडकीनच्या बाजारातून माहेरच्या आठवणीसाठी आणलेली. तिच्याशिवाय वैशालीला कांदासुद्धा चिरवत नाही. तिनं सगळं स्वयंपाकघर उपसलं. अनूला विचारलं, शेजारी विचारलं, मला विचारलं. मी काय सुऱ्या खातो का, असं काहीतरी तिरकं बोलून मी बाहेर गेलो.

सुट्टीच्या दिवशी चादर बदलायला गादी उचलली. सुरी तिथं होती. माझ्या डोक्याखाली येईल अशा बरोबर जागी, पातं आत, मूठ बाहेर.

मी खाली बसलो. त्या गादीवर दुपारी बालवाडीतून आल्यावर अनू माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपायची. मला न विचारता, मी कितीही भडकलेला असलो तरी, सवयीनं यायची. मी सुरी उचलली, कपड्यात गुंडाळली आणि कुणाचं लक्ष नसताना भांड्यांच्या मांडणीमागं सरकवून दिली. संध्याकाळी वैशाली म्हणाली, अगं बाई, इथंच होती की. झोपेच्या ग्लानीत कधीतरी उचलली असेल, पुन्हा होणार नाही, असं स्वतःला समजावलं.

पुढच्या थर्डला मी झोपायच्या आधी गादी उचलून बघितली. काही नव्हतं. दोन-तीन दिवस बघत राहिलो. मग एका दुपारी ते येऊन गेलं, अंग सुटलं, मी उठलो आणि गादी उचलली. सुरी होती.

त्या क्षणी मला काय वाटलं ते नीट सांगता यायचं नाही. झोपायच्या आधी नव्हती, उठल्यावर आहे, खोलीत माझ्याशिवाय कुणी नाही. मी माणसं तपासत नाही, माल तपासतो, पण हा हिशोब करायला शाळा लागत नाही. सुरी मीच आणत होतो. आणि त्यानंतर जे यायचं त्याच्या हातात सुरी दिसायला लागली.

ती मी स्कूटीच्या डिकीत लपवली. घरात तिला पुन्हा जागा द्यायची नाही असं ठरवलं. पण घरात विळी होती, अडकित्ता होता, आणि मी होतो.

बिडकीन

वैशालीला म्हणालो, अनूला घेऊन माहेरी जा. इथं ऊन लई झालंय.

"बिडकीनला काय बर्फ पडतो का?" ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं आणि म्हणूनच मी चिडलो. बोलू नये ते बोललो. तिनं हातातलं शिवण खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, दुसरी कुणी आहे का. मला हसू आलं. अशा वेळी हसणं हा सगळ्यात वाईट जबाब असतो. तिनं त्याच दिवशी पिशव्या भरल्या.

स्टँडवर अनूनं माझं बोट धरलं नव्हतं. गाडीत खिडकीशी बसल्यावर तिनं विचारलं, "पप्पा, मी काय केलं?" मी म्हणालो काही नाही केलंस, आणि गाडी निघून गेली. मी स्टँडवरच रडलो. लोक बघत होते, बघू दे म्हटलं.

अण्णांनी संध्याकाळी एकच वाक्य ऐकवलं, संसारात भांडणं व्हतात, पण लेकराला लांब करायचं नसतं. मी मान खाली घातली. माय काहीच बोलली नाही. एरवी ती मिठाच्या बरणीशीसुद्धा बोलते. तेव्हा मला वाटलं, हिलाही माझ्याबद्दल कळलंय.

सलीम

सलीम माझ्या लाइनवर आहे. सकाळी बसमधून उतरलो की आम्ही टपरीवर चहा घेतो आणि मी त्याला स्कूटीवर त्याच्या गल्लीपर्यंत सोडतो. त्या दिवशी डबा ठेवायला त्यानं डिकी उघडली आणि कागदात गुंडाळलेली सुरी बाहेर काढली.

"ये क्या भाई? भेंडी लेने जा रे क्या?"

मी हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तो चहा थंड होईपर्यंत मी सगळं सांगून टाकलं. ओल्या गोणपाटाचं, श्वासाचं, सुरीचं, अनूचं. सलीम दर दोन वाक्यांना विनोद करणारा माणूस. त्या दिवशी त्यानं एकही केला नाही.

शेवटी म्हणाला, "देख, हमारे घर में किसी को होता तो बुजुर्गां पहले दर्गा बोलते, बाद में डॉक्टर. तुम लोगां वो मानतेच नै. तो फिर तेरे को डॉक्टरच बचा ना? चल."

इतकी सरळ गोष्ट मला इतके दिवस सुचली नव्हती. भूत मानत नाही म्हणून मांत्रिकाकडं गेलो नाही हे ठीक. डॉक्टरांना तर आमच्या घरात सगळे मानतात. पण डॉक्टरांकडं जायचं म्हणजे कुणासमोर तरी तोंडानं सांगावं लागणार होतं, आणि तिथंच माझं घोडं अडलं होतं.

दवाखान्यात

मानसोपचाराच्या दवाखान्यात बसलेला प्रत्येक माणूस दुसऱ्याच कुणासाठी आलेला असतो. मी रुमालानं तोंड पुसत बसलो होतो, पुसण्यासारखं काही नसताना. समोर आमच्याच गल्लीतले एक काका मोबाइल डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बसले होते. आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखलं नाही. आजही रस्त्यात भेटलो की जरा जास्तच आपुलकीनं हसतो.

डॉक्टर बाई साठीकडं झुकलेल्या, आवाज सावकाश. मला वाटलं होतं त्या काय दिसतं ते विचारतील. त्यांनी झोप विचारली. किती वाजता, किती तुकड्यांत, पाठीवर की कुशीवर, शिफ्ट कधी बदलते, मध्ये कोण उठवतं. मी पाण्याचं सांगितलं तर म्हणाल्या, माझ्याकडंही तेच आहे. मग विचारलं, जागेपणी कधी आवाज येतात का. नाही. हसता हसता अचानक गुडघे ढिले पडतात का, काम करताना एकदम झोप झडप घालते का. नाही. आधीपासून कुठलं औषध, दारू. नाही, तंबाखू आहे.

तेव्हा त्यांनी नाव सांगितलं. स्लीप पॅरालिसिस. पॅरालिसिस शब्द ऐकून मी खुर्ची घट्ट धरली. त्या म्हणाल्या, नाव भयंकर आहे, आजार तितका नाही. स्वप्न पडतं तेव्हा शरीर हातपाय सैल सोडून देतं, नाहीतर आपण स्वप्नात धावताना खाटेवरून पडलो असतो. कधीकधी डोकं आधी जागं होतं आणि शरीर मागं राहतं. डोळे उघडे, खोली खरी, पण स्वप्न अजून संपलेलं नसतं. मग खोलीतच ते दिसायला लागतं. श्वास उथळ चाललेला असतो, तुम्ही घाबरून मोठा घ्यायला जाता, तो येत नाही, म्हणून छातीवर भार वाटतो. काही सेकंद, फार तर एखाद-दोन मिनिटं. कुणी मरत नाही. अर्धवट झोप, बदलत्या शिफ्ट, पाठीवर झोपणं, यांनी ते वाढतं. बऱ्याच लोकांना आयुष्यात एकदा तरी होतं, सांगत कुणी नाही.

मला एकदम हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण सुरीचं सांगायचं राहिलं होतं. ते मी शेवटी, त्यांच्या टेबलाकडं बघत सांगितलं.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्हीच सांगितलंत, त्या वेळी बोटसुद्धा हलत नाही. मग स्वयंपाकघरातून सुरी आणायला कोण गेलं?"

मी म्हणालो, झोपेत चालत गेलो असेन. त्या म्हणाल्या, तसंही काही लोकांना होतं, ते आपण नंतर तपासू. आधी मला सांगा, दुपारी घरात कोण असतं. मी म्हणालो, माय असते. तिला विचारलंत का.

नव्हतं विचारलं. कारखान्यात एकच खोट दोनदा आली तर मी आधी विचारतो की मशीनवर कोण उभं होतं. घरी मी विचारायच्या आधीच स्वतःला रिजेक्ट करून टाकलं होतं.

ताटावर

त्या संध्याकाळी जेवायला आम्ही तिघं होतो. अण्णा, माय, मी. मी डिकीतून सुरी आणली आणि भाकरीच्या टोपल्याशेजारी ठेवली. विचारलं, ही माझ्या गादीखाली कुणी ठेवली.

मायचा वाढायचा हात थांबला. तिनं माझ्याकडं नाही, अण्णांकडं बघितलं.

"म्या ठेवली," ती म्हणाली.

मग ती सांगत गेली, डोळे ताटात. दुपारी मी कण्हायचो. पहिल्या दिवशी तिनं नुसतं ऐकलं, पुढच्या वेळी ती डोकावली तर माझे डोळे उघडे होते, घशातून घरघर येत होती, आणि ती हाक मारणार तेवढ्यात मी झटक्यानं उठलो. तिच्या आईनं तिला सांगितलं होतं की उशाला लोखंड असलं की माणूस दबत नाही. पण या घरात असलं काही बोलायची सोय नाही. म्हणून तिनं मी झोपल्यावर हळूच सुरी सरकवली. ती पुन्हा मांडणीमागं दिसली तेव्हा तिला वाटलं वैशालीला गादीखाली सापडली असेल आणि पोरगी समजूतदारपणानं गप्प बसली. मग तिनं संधी बघून पुन्हा ठेवली. वैशाली निघून गेली तेव्हा तिला वाटलं, आपल्या सुरीवरूनच हिचं आणि पोराचं बिनसलं. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मला राग आला. मोठ्यानं बोललो. माय, माझी लेक मी या सुरीपायी घराबाहेर काढली, मला वाटलं मी तिला मारीन. हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मी ताटावरच रडायला लागलो. मायनं पदर तोंडाला लावला. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. कसं असणार.

आता अण्णांचं भाषण सुरू होईल याची मी वाट बघत होतो. मायही बघत असावी. अण्णांनी सावकाश हात धुतला, पुन्हा पाटावर येऊन बसले.

"सुनील, तुला बी दाबतं व्हय?"

वर्कशॉपात रात्रपाळी होती त्या वर्षांत त्यांना व्हायचं. दिवसा झोपले की छातीवर कुणीतरी बसायचं. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही, मायलासुद्धा नाही. आणखी एक गोष्ट व्हायची, ते म्हणाले. उशाखाली नटबोल्टचा पाना सापडायचा. आपणच खिशातून आणून इसरतो, असं समजून ते दर खेपेला तो डब्याच्या पिशवीत टाकून वर्कशॉपात परत न्यायचे. चांगला मेकॅनिक असून मी पाने घरी कसे नेतो याची त्यांना लाज वाटायची.

माय हळूच म्हणाली, "तो पाना तुमच्या घरच्या हत्यारांच्या पेटीतला व्हता. तुम्ही नेला की म्या दुसरा ठेवायची."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. मग ते मला म्हणाले, "भूत नसतं हे खरंच हाय. ते म्या उद्या बी सांगणार. पण भेव वाटतं, हे पोरांना सांगायचं राहून गेलं."

परत

सुट्टी पडली तसा बिडकीनला गेलो. वैशालीनं सगळं ऐकून घेतलं. भुताचं तिला काही वाटलं नाही, सुरीचंही नाही. म्हणाली, मला सांगता आलं नाही तुम्हाला? मी अनूची आई आहे का कोण आहे? मग तिला मी कशाला घाबरलो होतो ते पूर्ण कळलं आणि ती आत निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी तिच्या वडिलांबरोबर कापसाच्या भावावर बोलत बसलो, काय बोललो ते आठवत नाही.

ती लगेच आली नाही. शाळा सुरू व्हायच्या सुमाराला आली. अनू माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. आजोबांच्या मांडीवर बसायची आणि तिथून माझ्याकडं पाहुण्यासारखं बघायची. तिला मी खोलीत झोपायला येऊ नको असं सांगितलं होतं. डॉक्टर बाईंनी भीती नाही म्हणून सांगितलं होतं, मी त्यांना पुन्हा जाऊन विचारलंही होतं, तरी माझं मन धजत नव्हतं.

या काळात ज्याचा मला उपयोग झाला ते सांगतो. मी कुशीवर झोपतो, पाठीमागं उशी लावतो म्हणजे उताणा होत नाही. थर्डवरून आलो की चहा बंद. तंबाखू सुटली नाही, कमी झाली. पाण्याच्या दिवशी आता अण्णा आणि वैशाली मोटार सांभाळतात, मला उठवत नाहीत, गल्लीत आग लागली तरी. सुपरवायझरला मी खरं सांगितलं. तो हसला, मग म्हणाला, त्यालाही एकदा झालंय. थर्ड काही टळला नाही, पण दर आठवड्याला बदलण्याऐवजी जरा जास्त दिवस एकच शिफ्ट मिळायला लागली. आणि ते आलंच, तर मी झटापट करत नाही. पायाच्या अंगठ्यावर लक्ष ठेवतो, तो हलवायचा प्रयत्न करतो, आणि श्वास जसा जातो तसा जाऊ देतो. कधी जमतं, कधी नाही जमत. घाम फुटायचा तो फुटतोच. हे सगळं पूर्ण गेलंय असं मी म्हणणार नाही. महिन्यातून एखाद्या वेळी येतं.

मायनं एकदा भीत भीत विचारलं, आता गादीखाली काही ठेवू का. अण्णाच म्हणाले, ठेव, पण सुरी नको. पाना ठेव, त्यानं बोट कापत नाही. ते थट्टेनं म्हणाले की खरं ते मला अजून कळलेलं नाही. मी गादी उचलून बघायचं सोडून दिलंय.

अण्णांनी मात्र एक नवीन काम स्वतःकडं घेतलं. थर्डच्या आठवड्यात दुपारी ते माझ्या खोलीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात. मी कण्हलो की माझ्या पायाला हात लावायचा, एवढंच. जे नसतं त्याच्यावर राखण कशाला, असं मी त्यांना चिडवलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, झोप.

मागच्या थर्डची गोष्ट. दुपारी डोळे उघडले. पंखा, कॅलेंडर. स्वयंपाकघरातून थप थप. आणि छातीवर भार. श्वास दबलेला, कानाशी दुसरा कुणाचा तरी श्वास, अगदी जवळ, गरम. मी डोळे खाली वळवले. कुशीवरून मी कधी उताणा झालो होतो कोण जाणे, आणि माझ्या छातीवर अनूचं डोकं होतं. एक पाय माझ्या पोटावर टाकलेला, शाळेचा मोजा अर्धा निघालेला. तोंड उघडं ठेवून गाढ झोपली होती.

मी अण्णांकडं बघितलं. ते पेपरच्या वरून माझ्याकडंच बघत होते.

"म्याच म्हणलं तिला, जा," ते हळू आवाजात म्हणाले.

मी पायाचा अंगठा हलवून बघितला. हलला. हाताची बोटं हलवली, तीही हलली. सगळं अंग माझं होतं, उठता येत होतं, कुशीवर होता येत होतं. अनू जागी होईल म्हणून मी हललो नाही.